तीनशेचे साडेचारशे: स्वस्त संगणकाच्या ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास



तुमच्यापैकी अनेकांकडे सुटे भाग जोडून तयार केलेला संगणक असेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी कुठून तरी त्याचे भाग आले असतील. नवा गेम त्यावर अडखळू लागला की दोन प्रश्न पडतात. कोणता भाग बदलावा? आणि काहीही न बदलता आहे तोच प्रोसेसर जास्त वेगाने चालवता येईल का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या टिपणात आपण त्याचा इतिहास पाहू. तो वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवा: प्रोसेसरवर छापलेला वेग कोण ठरवते, भौतिकशास्त्र की बाजार?

छापील वेगाचा अर्थ

प्रोसेसरमधील प्रत्येक काम घड्याळाच्या ठोक्याला बांधलेले असते. ३०० मेगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ३.३३ नॅनोसेकंद मिळतात, तर ४५० मेगाहर्ट्झला २.२२. सर्वांत लांब मार्गावरचा संकेत एवढ्या वेळात पोहोचला तर उत्तर बरोबर येते, नाहीतर चुकते.

एकाच वेफरवरचे सगळे तुकडे सारखे नसतात. म्हणून निर्माता त्यांची चाचणी घेऊन वेगवेगळ्या वेगांच्या गटांत प्रतवारी करतो. छापलेला वेग उन्हाळ्यात, थोड्या कमी व्होल्टेजवर आणि काही वर्षे वापरल्यानंतरही टिकला पाहिजे. त्यासाठी तो प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा थोडा कमीच छापला जातो. या फरकाला आपण राखीव क्षमता म्हणू. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा इतिहास या राखीव क्षमतेवर हक्क कोणाचा, या वादाचा इतिहास आहे.

स्फटिक बदलण्याचे दिवस

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी एटी हा संगणक आणला. त्यातला ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत असे आणि त्याला ठोके देणारा स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा होता. हा स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला की प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर जाई. काही रुपयांच्या भागात तिसरा हिस्सा जास्त वेग मिळे. हे लक्षात आल्यावर आयबीएमने नंतरच्या बायॉसमध्ये वेगाची तपासणी घातली. ठरल्यापेक्षा जास्त वेग आढळला तर संगणक सुरूच होत नसे. पुढे १९८६ मध्ये आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला. वापरणाऱ्याने शोधलेली राखीव क्षमता निर्मात्याने बंद केली आणि मग तीच किंमत लावून विकली. हा क्रम ध्यानात ठेवा, तो पुन्हा दिसेल.

१९९२ च्या ४८६ डीएक्स२ पासून प्रोसेसरचा वेग दोन संख्यांच्या गुणाकाराने ठरू लागला: मदरबोर्डवरील बसचा वेग आणि प्रोसेसरचा गुणक. ३३ च्या बसवर २ हा गुणक असला की ६६ मेगाहर्ट्झ. यानंतर स्फटिक उपटण्याची गरज उरली नाही. मदरबोर्डवरचा जंपर हलवला तरी पुरे होते.

ऑगस्ट १९९८

एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने स्वस्त संगणकांसाठी सेलेरॉन आणला. किंमत कमी ठेवण्यासाठी त्यातली दुसऱ्या पातळीची कॅश पूर्णपणे काढून टाकली होती. त्यामुळे तो मंद निघाला आणि त्याच्यावर बरीच टीका झाली. ऑगस्टमध्ये चूक सुधारून सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश होती, पण ती प्रोसेसरच्याच तुकड्यावर कोरलेली होती आणि पूर्ण वेगाने चालत होती. त्याच महिन्यात आलेल्या महागड्या पेंटियम-२ ४५० मध्ये ५१२ किलोबाइट कॅश होती, पण ती वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची.

सेलेरॉन ३००ए चा गुणक ४.५ होता आणि तो बदलता येत नव्हता. बस होती ६६ ची. पण त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटवर १०० ची बसही चालत होती. ४.५ ला १०० ने गुणा: ४५० मेगाहर्ट्झ. सुमारे १५० डॉलरचा प्रोसेसर साडेसहाशे डॉलरहून महाग प्रोसेसरच्या वेगाने धावू लागला. बहुतेक गेममध्ये तो त्याच्या बरोबरीनेच चाले, कारण छोटी कॅश वेगवान होती आणि गणित करणारा गाभा दोघांचा एकाच कुळातला होता. अबिट बीएच६ सारख्या मदरबोर्डवर हा बदल बायॉसच्या पडद्यावर करता येई. ज्या बोर्डांवर ती सोय नव्हती, तिथे लोक प्रोसेसरच्या कार्डावरची बी२१ ही एक पट्टी चिकटपट्टीने झाकत. त्यामुळे बोर्डाला हा १०० च्या बसचा प्रोसेसर आहे असे वाटे.

हे का शक्य झाले? दोन्ही प्रोसेसर ०.२५ मायक्रॉन या एकाच तंत्राने बनत होते. बाजाराला स्वस्त प्रोसेसर मोठ्या संख्येने हवे होते, त्यामुळे ४५० वर चालू शकणारे अनेक तुकडे ३०० चा शिक्का घेऊन विकले जात होते. म्हणजे इथे छापील आकडा भौतिकशास्त्रापेक्षा बाजाराने जास्त ठरवला होता. तरीही सगळे तुकडे ४५० गाठत नसत. काहींना २.० ऐवजी २.२ व्होल्ट द्यावे लागत, काही तेवढ्यानेही तयार होत नसत.

व्होल्टेजची किंमतही मोजून पाहा. प्रोसेसरची गतिक शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. वारंवारता १.५ पट, व्होल्टेज १.१ पट, म्हणजे शक्ती १.५ × १.२१, सुमारे १.८ पट. एवढी जास्त उष्णता त्याच हीटसिंकने बाहेर टाकायची. शिवाय हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. डिसेंबरात नीट चालणारा संगणक नागपूरच्या मे महिन्यात का बंद पडतो, याचे उत्तर यात आहे.

८३ चा धडा

इथे एक स्वतःचा अनुभव सांगतो. मी अभियांत्रिकीला असताना आम्ही तिघांनी वर्गणी काढून एक जुना सेलेरॉन घेतला. आमच्या जुन्या, स्वस्त मदरबोर्डवर १०० ची बस नव्हती. ६६, ७५ आणि ८३ एवढेच पर्याय होते. आम्ही ८३ निवडला. ४.५ गुणिले ८३, म्हणजे जवळपास ३७४ मेगाहर्ट्झ. गेम छान चालू लागला आणि आम्ही खूश झालो.

आमच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी. पीसीआय बसचा ठरलेला वेग ३३ मेगाहर्ट्झ, आणि तो मुख्य बसला भागून मिळतो. ६६ ला २ ने भागले की ३३. १०० च्या बसला ३ ने भागण्याची सोय असे, म्हणून तिथेही ३३ च. पण ८३ ला आमचा बोर्ड २ नेच भागत होता: ४१.५. हार्ड डिस्कचा नियंत्रक याच बसला जोडलेला. संगणक बंद पडला नाही, तक्रारीचा एक संदेशही आला नाही. तीन आठवडे तो डिस्कवर अधूनमधून चुकीचे बिट लिहीत राहिला. एका मित्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या फायली उघडेनाशा झाल्या तेव्हा आम्हाला कळले. दुसरी प्रत नव्हती. त्याने सगळे पुन्हा लिहिले. आम्हाला तो काही बोलला नाही, पण त्या संगणकावर परत गेम खेळायलाही बसला नाही.

दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. संगणक सुरू होणे आणि संगणक बरोबर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या वर्षी शिकलो आणि दर वर्षी वर्गात सांगतो.

कुलूप आणि पेन्सिल

गुणकाला कुलूप घालण्यामागे केवळ नफा नव्हता. त्या काळात जगभरच्या बाजारांत काही लबाड व्यापारी स्वस्त प्रोसेसरवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापत आणि जास्त किमतीला विकत. फसवला जाई तो साधा ग्राहक. कुलपामुळे ही फसवणूक अवघड झाली, पण उघडपणे प्रयोग करणाऱ्याचा मार्गही बंद झाला.

२००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉन प्रोसेसरांवर गुणकाचे कुलूप वरच्या बाजूस दिसणाऱ्या बारीक जोडण्यांच्या रूपात होते. एल१ नावाच्या या तुटलेल्या जोडण्या पेन्सिलीच्या शिशाने जोडता येत, कारण ग्राफाइटमधून वीज वाहते. कुलूप उघडायला साधी पेन्सिल पुरली!

नंतर राखीव क्षमता हीच विकायची वस्तू झाली. २०१० पासून इंटेलने गुणक खुला असलेले प्रोसेसर 'के' अक्षर लावून वेगळे विकायला सुरुवात केली. आयबीएम एटीचा क्रम आठवला का? २०१४ मध्ये पेंटियम जी३२५८ हा एक स्वस्त, खुला प्रोसेसर आला. ३.२ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४ च्या पुढे सहज जाई. पण त्याला दोनच गाभे होते, आणि त्याच वर्षीचा फार क्राय ४ हा गेम दोन थ्रेडच्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता. वेग वाढवून गाभ्यांची संख्या वाढत नाही.

आज तुमच्यासाठी

२००८ च्या नेहालेम पिढीपासून इंटेलचे प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच वेग वाढवतात, आणि आता हे सर्वत्र आहे. पूर्वी आपण शोधत होतो ती राखीव क्षमता आता प्रोसेसरच वापरतो. म्हणून हाताने ओव्हरक्लॉक करून होणारा फायदा कमी झाला आहे. उलट चांगला हीटसिंक आणि खोक्यातून नीट वाहणारी हवा यांमुळे प्रोसेसर जास्त वेळ वरच्या वेगावर राहतो.

खर्च करण्यापूर्वी अडथळा कुठे आहे ते मोजा. समजा, एका चौकटीसाठी प्रोसेसर १२ मिलिसेकंद घेतो आणि ग्राफिक्स कार्ड २५. दोघे समांतर काम करतात, म्हणून सेकंदाला ४० चौकटी मिळतात. प्रोसेसर २५ टक्के वेगवान केला तर त्याचे काम १० मिलिसेकंदांच्या आत होईल, पण चौकटी ४० च राहतील. इथे पैसा ग्राफिक्स कार्डात जायला हवा. वेगळे कार्ड नसेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी पट्टी लावून दोन मार्ग सुरू करणे हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

तरीही ओव्हरक्लॉक करायचेच असेल तर जरूर करा, शिकायला मिळेल. मात्र आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. वेग एका वेळी एकच पायरी वाढवा. प्रत्येक पायरीवर काही तास पूर्ण भार देऊन चाचणी घ्या, तापमान लिहून ठेवा. आणि संगणक सामाईक असेल तर सर्वांना विचारून मगच हात लावा.

स्वाध्याय

१. सेलेरॉन ३००ए ७५ मेगाहर्ट्झच्या बसवर चालवला, तर प्रोसेसरचा आणि पीसीआय बसचा वेग किती होईल? (भाजक २ धरा.)

२. गुणकाला कुलूप घालण्याच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा. तुम्ही निर्माते असता तर काय केले असते?

३. तुमच्या संगणकावर एखादा गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांचा भार पाहा. अडथळा कुठे आहे ते ठरवा आणि कारण द्या.