खांद्यावरून तळहातावर

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर आजही वर दिसतं. पण त्या गावठाणातल्या जत्रा, वराती, पंगती हलत्या चित्रात धरून ठेवण्याचं साधन तेव्हा साध्या घरात नव्हतं. चित्रण आणि रेकॉर्डिंग एकाच यंत्रात करणारा सोनीचा घरगुती कॅमेरा, बीटामूव्ही, आला १९८३ मध्ये. पुढच्या दशकात बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, वरकुट्यासारख्या गावांतही, लग्न ठरलं की मांडव आणि बँडबरोबर ‘शूटिंगवाल्या’चीही सुपारी द्यायची रीत रुळली.

तो यायचा तो खांद्यावर भलामोठा व्हीएचएस कॅमेरा घेऊन. मागे वायरीचं भेंडोळं सांभाळत हॅलोजन धरलेला पोऱ्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत हा माणूस उभाच. आज त्या कॅसेट पाहिल्या तर रंग फिके वाटतात, आवाज घरघरतो, पण एक गोष्ट डोळ्यांत भरते. मंगलाष्टकांची चौकट फारशी हलत नाही.

त्याचं श्रेय बरंचसं वजनाला जातं. जड कॅमेऱ्याला बारीक थरथर जाणवत नाही. शिवाय तो तीन ठिकाणी टेकलेला असायचा: खांदा, पट्ट्यात अडकवलेला उजवा हात आणि व्ह्यूफाइंडरला लावलेला डोळा. डावं कोपर बरगडीला चिकटवायचं, पाय थोडे फाकवायचे, गुडघे सैल सोडायचे आणि वळायचं ते मनगटातून नव्हे, कमरेतून. शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं. उस्तादामागे हॅलोजन धरता धरता पोऱ्या हे सगळं शिकायचा.

सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात कॅमेरा तिवईवरच असायचा. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली, ती विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्यावर. एका हातानं दांडा फिरवायचा असेल तर कॅमेऱ्याला पक्का आधार हवाच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचा अंकुर वाढताना एकेक चित्र घेत टिपला. तिथं कॅमेरा केसभर सरकला असता तरी रोप थरथरलं असतं. १९७५च्या सुमारास अमेरिकेत गॅरेट ब्राउननं स्टेडीकॅम तयार केला आणि चालत्या माणसाच्या अंगावरचा कॅमेराही तरंगल्यासारखा फिरू लागला. पण ते साधन सिनेमावाल्यांचं. लग्नाच्या शूटिंगवाल्याला ते कुठून परवडणार?

गंमत म्हणजे कॅमेरा हलका झाला तसं चित्र हलायला लागलं. बीटामूव्ही सुमारे अडीच किलोचा होता. १९८९ चा सोनीचा टीआर-५५ आठशे ग्रॅमच्याही आत आला. खांदा सुटला. १९९२ मध्ये शार्पनं मोठ्या पडद्याचा व्ह्यूकॅम आणला, पुढे उघडणारे पडदे सगळीकडे आले आणि डोळ्याचा आधारही गेला. कॅमेरा पुढे धरलेल्या हातांवर आला. त्यात भर झूमची! चित्र जितकं जवळ ओढावं, तितकी हाताची थरथर मोठी दिसते. जुना शूटिंगवाला झूमऐवजी चार पावलं पुढे जायचा, आणि तेच बरोबर होतं.

या थरथरीवर तोड मात्सुशिता कंपनीनं आधीच काढली होती. तिथले अभियंते मित्सुआकी ओशिमा यांनी कंप ओळखणारा छोटा जायरोस्कोप कॅमेऱ्यात बसवला आणि १९८८ मध्ये तशी सोय असलेला त्याच कंपनीचा पॅनासॉनिक घरगुती कॅमेरा बाजारात आला. आजच्या मोबाइलमध्येही हात हलल्याची वर्दी जायरोस्कोपच देतो.

मालेगावात मात्र जुगाडानं काम भागलं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. तिथं सिनेमे कसे बनतात ते फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटात दिसतं: ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. हौशी माणसानं हे एकदा पाहावंच. हातापेक्षा चाकावरचा कॅमेरा सरळ चालतो, हे मालेगावकरांनी महागड्या सामानाविना ओळखलं होतं.

खेड्यापाड्यातल्या बऱ्याच घरांत आजी-आजोबांचं चालणं-बोलणं आता फक्त त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये उरलं आहे. फितीला बुरशी लागते, ती चिकटते. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हा नवं यंत्र बनवणारी तीच शेवटची मानली जात होती. म्हणून कपाटातली कॅसेट बाहेर काढा, जवळच्या स्टुडिओत चालू व्हीसीआर आहे का ते विचारा आणि तिची डिजिटल प्रत करून घ्या. मूळ कॅसेट टाकू नका. कोरड्या जागी उभी ठेवा.