‘रझाकारात’ : त्या तेरा महिन्यांचा आवाज

आपल्या इस्लापूर भागातली जुनी माणसं साल सांगत नाहीत. आजीला विचारा लगीन कधी झालं, तर म्हणेल, ‘रझाकारात.’ थोरला कधी झाला? ‘रझाकार मोडल्यावर, दुसऱ्या पावसाळ्यात.’ 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला आणि आपण मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिलो. त्या तेरा महिन्यांवर पुस्तकं आहेत, गावोगाव हुतात्मा स्मारकं आहेत. आज मला बोलायचंय ते आवाजाबद्दल. त्या काळाचा आवाज कुणी जपला, आणि कुणाचा जपला?

निजामाकडं स्वतःचा रेडिओ होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक नसेल. हैदराबादचं डेक्कन रेडिओ हे केंद्र सरकारनं 1935 मध्ये ताब्यात घेतलं, औरंगाबादलाही एक केंद्र चाललं. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी खुद्द निजाम या रेडिओवर बोलला. लायक अलींचं मंत्रिमंडळ गेलं, फौजेला लढाई थांबवायला सांगितलं, रझाकार संघटनेवर बंदी घातली, असं त्यानं जाहीर केलं. एका राज्याचा शेवट रेडिओवरून झाला म्हणा ना! पुढं 1 एप्रिल 1950 ला ही दोन्ही केंद्रं आकाशवाणीत गेली.

पण आपल्याकडं ते ऐकलं किती जणांनी? स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशात मिळून सुमारे पावणेतीन लाख रेडिओ होते. पैनगंगेच्या काठच्या आपल्या तांड्यांत आणि गुड्यांत कुठला आलाय रेडिओ! नदीच्या अलीकडं निजाम आणि पलीकडं, उमरखेडच्या बाजूला, स्वतंत्र भारत. बातमी यायची ती नदी उतरून येणाऱ्या माणसाच्या तोंडून, बाजारात, नाहीतर पाणवठ्यावर बायांच्या कुजबुजीतून. त्या कुजबुजीची नोंद कुणी ठेवणार?

एकाच तारखेच्या दोन गोष्टी सांगते. 30 जानेवारी 1948 ला संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. त्या रात्री पंडित नेहरू आकाशवाणीवर बोलले. भाषण लिहून आणलेलं नव्हतं, आवाज भरून आलेला होता. तो आवाज जपलेला आहे, आजही ऐकता येतो. त्याच दिवशी आपल्या नांदेड जिल्ह्यात, उमरीला, स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी निजामाच्या बँकेवर छापा घातला आणि सुमारे 20 लाख रुपये लढ्यासाठी नेले. त्या काळचे 20 लाख! दिल्लीतला सुस्कारासुद्धा राहिला आणि उमरीच्या गोळीबाराचा, पळापळीचा, दारं लावून बसलेल्या घरांचा आवाज नाही. माइक तिथं होता, इथं नव्हता. अर्जापूरचे गोविंदराव पानसरे, कल्हाळीच्या गढीत लढून पडलेली माणसं, सगळ्यांची हीच कथा.

आवाज कधी कधी वैरीही जपतो. 1942 च्या चले जाव चळवळीत उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवत. पोलीस माग काढू नयेत म्हणून जागा बदलत राहायचं. ऑगस्टमध्ये सुरू झालेला हा रेडिओ 12 नोव्हेंबरला पकडला गेला आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या रेडिओवर काय काय बोललं गेलं, हे आज बऱ्याच अंशी कळतं ते पोलिसांमुळं. खटल्यासाठी ते रोज ऐकून लिहून घेत होते. मला ही गोष्ट फार गमतीची वाटते. सरकारला ज्या आवाजाची भीती वाटली, त्याची सरकारनंच वही केली.

आपल्या बायांच्या आवाजाची भीती कुणाला वाटली नसावी, म्हणून त्याची वही झाली नाही. खरं तर भ्यायला हवं होतं. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातबॉम्ब पोचवत, घोड्यावर फिरत. भूम तालुक्यातल्या ईटच्या गोदावरीबाई टेकाळे रझाकारांशी लढता लढता गेल्या. ही दोन नावं तरी राहिली. रात्री-अपरात्री दार वाजलं की चूल पेटवून भाकरी थापणारी, चिठ्ठी चोळीत लपवून नेणारी, लेकीबाळींना घेऊन ज्वारीच्या रानात रात्र काढणारी बाई कुठल्या यादीत नाही.

आता थोडं जड बोलते, पण बोलायलाच हवं. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे आपण दर 17 सप्टेंबरला ऐकतो आणि ते खरंच आहे. पोलीस ॲक्शननंतर काय झालं, ते मात्र झेंड्याखालच्या भाषणात येत नाही. रझाकारांशी काही देणंघेणं नसलेली मुसलमान कुटुंबंही सूडात सापडली. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं 1948 च्या अखेरीस गावोगाव फिरून अंदाज दिला, संस्थानभरात 27 ते 40 हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्या जोडीला आपलं नांदेड होतं. हा अहवाल कितीतरी वर्षं लोकांपुढं आलाच नाही. आपल्या गटांत लक्ष्मीही बसते आणि शबानाही बसते. दोघींच्या आज्यांकडं ‘रझाकारात’ची आठवण आहे, आणि ती एक नाही. एकीचीच जपली तर पुन्हा निजामाच्या रेडिओसारखं होईल, एकाच बाजूचा माइक.

हे काम आपल्याला जमेल का? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढं त्यातल्या कितीतरी टेपवरही घेतल्या. गाणाऱ्या बाया तुमच्या-माझ्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या.

आपल्याकडं टेप नाही, पण प्रत्येक गटात दोन-चार मोबाइल आहेतच. 1948 ला दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे, तेव्हा दिवाळीनंतर बघू म्हणून चालणार नाही. आधी आजीला विचारा, रेकॉर्ड करू का? नको म्हणाली तर नुसतं ऐका. हो म्हणाली तर सुरुवातीलाच तिचं नाव, गाव आणि आजची तारीख आपल्या तोंडानं बोला. रझाकारापासून सुरू करू नका. त्या साली घरात काय शिजत होतं, पाणी कुठून आणत होता, रात्री कुठं निजत होता, हे विचारा. पुढचं ती आपण होऊन सांगेल. सन चुकला तर मध्ये तोडू नका. ती गप्प झाली तर मोबाइल बंद करू नका, थांबा. आणि तिला विचारल्याशिवाय ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. सुनेसमोर न बोललेलं ती तुमच्याशी बोललेली असेल.