आळ्याची समाधी आणि आमचा काळू



गेल्या वर्षी कार्तिकी तोंडावर आली असताना आमच्या धाटावच्या घरचा कुत्रा गेला. काळू त्याचे नाव. तेरा वर्षांचा होता. भाताची कापणी उरकली होती, झोडणी चालू होती, आणि तो खळ्याच्या कडेला पेंढ्यावर पडून राहायचा. दोन दिवस त्याने भाकरीला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर अंग गार पडलेले.

तुम्ही म्हणाल, वारकऱ्यांच्या अंकात कुत्र्याची गोष्ट कशाला? पण काळू संध्याकाळी हरिपाठाला येत असे. देवळाच्या पायरीखाली, जिथे आपण चपला काढतो तिथे, पुढचे पाय लांबवून बसायचा. टाळ थांबले की उठून आमच्या आधी घरची वाट धरायचा. त्या दिवशी संध्याकाळी ती जागा रिकामी दिसली, आणि माझा नऊ वर्षांचा नातू पायरीवरच बसून राहिला. मंडळातले एक वडीलधारे गृहस्थ त्याला म्हणाले, "अरे, जनावरासाठी एवढे काय रडायचे? देवाचे नाव घे." पोराने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, काळूसाठी हरिपाठ म्हटला तर चालतो का?"

चाळीस वर्षे माळ गळ्यात आहे, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे. असा प्रसंग तुमच्याही घरी आला असेल. कुणाची गाय गेली असेल, कुणाचा बैल, कुणाची मांजर. म्हणून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्यांदा त्या वडीलधाऱ्यांची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात राजा भरताची कथा आहे. राज्य सोडून तो वनात गेला, तप करू लागला. सिंहाच्या भयाने एका गाभण हरिणीने नदीवरून उडी घेतली, तिचे पाडस पाण्यात पडले आणि ती मेली. भरताने ते पाडस उचलले, वाढवले. पुढे त्याचे स्नान, संध्या, ध्यान, सगळे त्या पाडसाभोवती फिरू लागले. मरताना मनात तेच होते, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा आला. त्यानंतरच्या जन्मात तो जडभरत झाला आणि सुटला. राज्याचा मोह ज्याने एका दिवसात टाकला, त्याला एका पाडसाने अडकवले. तेव्हा 'जनावरात जीव गुंतवू नको' म्हणणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. तो भरताची आठवण देत असतो.

पण महाभारताच्या शेवटी दुसरी कथा आहे. पांडव महाप्रस्थानाला निघाले. वाटेत द्रौपदी पडली, मग एकेक भाऊ पडला. उरला तो धर्मराज आणि पहिल्यापासून मागे मागे आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि वर बस. धर्मराजाने नकार दिला. जो भरवशाने बरोबर आला त्याला सोडून स्वर्ग नको, हे त्याचे म्हणणे. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळले. नकार दिला तेव्हा त्याच्यासाठी तो फक्त कुत्राच होता.

एकीकडे भरत, दुसरीकडे धर्मराज. मग आपण करायचे काय? पुराणात दोन्ही वाटा आहेत. म्हणून मी आपल्या संतांच्या चरित्रांकडे वळलो.

पैठणचा प्रसंग तुम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. परंपरेने हा काळ शके 1209 च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन 1287 चा मानतात. ज्ञानोबांचे वय तेव्हा बारा वर्षांच्या आसपास. पखाल वाहणारा रेडा समोरून चालला होता. सर्वांच्या ठायी एकच आत्मा म्हणतोस, मग या रेड्यातही तोच का, असे विचारले गेले, आणि रेड्याच्या मुखातून वेद ऐकू आले. इथपर्यंत आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली पूर्ण केलेल्या भक्तिविजयात ही कथा विस्ताराने आली आहे.

पण त्या रेड्याचे पुढे काय झाले, हे कीर्तनात क्वचितच येते. चमत्कार झाला, मंडळी खजील झाली, कथा संपली. मात्र आळे गावची परंपरा तिथे थांबत नाही. तो रेडा भावंडांबरोबर निघाला. नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. तिथून आळंदीकडे परतताना जुन्नरच्या मुलखात आळे गावी रेड्याने देह ठेवला, आणि ज्ञानोबांनी स्वतः त्याला समाधी दिली. आजही ते स्थान आहे. कल्याण-अहिल्यानगर रस्ता पुणे-नाशिक रस्त्याला जिथे छेदतो, त्या आळेफाट्यापासून ते जवळच आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते.

माउली, रेडा हे केवढे उपेक्षित जनावर आहे ते आम्हा कोकणच्या भातशेतीवाल्यांना विचारा. चिखलणीला गुडघाभर चिखलात तो जुंपायचा. दूध देत नाही, गाईसारखी पूजा नाही, बैलासारखा पोळा नाही. वर यमाचे वाहन म्हणून अशुभ धरलेला. अशा जनावराला समाधी, आणि शब्दही तोच. शके 1218 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला इंद्रायणीकाठी ज्ञानोबा ज्यात बसले त्या स्थानालाही आपण समाधीच म्हणतो आणि आळ्याच्या त्या जागेलाही समाधीच म्हणतो. गुरू आणि रेडा यांच्यासाठी परंपरेने दोन शब्द केले नाहीत.

आणखी एक गोष्ट मनात आली. या चार भावंडांच्या आईवडिलांना, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना, देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले होते. ती दोघे घर सोडून गेली ती परत आली नाहीत. लेकरांच्या हातून त्यांना नीट निरोपही मिळाला नाही. ज्यांना आपल्या आईबापाला निरोप देता आला नाही, त्यांनी एका पखालीच्या रेड्याला निरोप दिला, त्याच्यासाठी माती सारली. मला वेदांच्या चमत्काराइतकाच हा प्रसंग मोठा वाटतो.

हा इतिहास आहे की श्रद्धा, असे कुणी विचारील. रेड्याच्या समाधीला त्या काळचा कागद मागाल तर तो मिळणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे डोके टेकवत आले, ही गोष्ट इतिहासच आहे. समाजाने काय जपले, यावरून त्याची ओळख पटते.

आमच्या रायगड जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण पाहा. धाटावहून कोलाड, माणगाव करत पाचाडला जावे आणि गड चढावा. 3 एप्रिल 1680 रोजी शिवछत्रपतींनी तिथे देह ठेवला. त्यांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली, अशी दंतकथा सांगतात. समकालीन साधनांत या वाघ्याचा उल्लेख नाही आणि पुतळा विसाव्या शतकातला आहे. त्यावरून वाद होत आले, 2025 मध्येही झाला. त्या वादाचा निवाडा अभ्यासकांनी करावा. मला दोन्ही कथांतला फरक महत्त्वाचा वाटतो. वाघ्याच्या कथेत जनावर माणसासाठी मरते. विदर्भातल्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांत उत्खनन झाले, तिथेही लोहयुगातले घोडे माणसांबरोबर पुरलेले सापडले. म्हणजे मालकामागे जनावराने जायचे, ही कल्पना जुनी आहे. आळ्याला उलटे आहे. तिथे जनावर गेले आणि माणसाने त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य केले. स्वामिनिष्ठा जनावराकडून घेणे सोपे असते. ती परत फेडणे हे संतांचे काम.

आणि हे एकट्या ज्ञानोबांचे नाही. त्याच पैठणच्या एकनाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. गाढव, कुत्रा, रेडा. हलक्यात हलकी मानलेली जनावरेच आपल्या संतांनी निवडली, हे लक्षात घ्या.

आता भरताच्या पाडसाचे काय? तो धोका आळ्याला नव्हता का? याचे उत्तर मला त्या प्रवासाच्या क्रमातच सापडले. ज्ञानोबांनी रेड्याला समाधी दिली आणि पुढे ते आळंदीला निघाले. आळ्यातच बसून राहिले नाहीत. भरत पाडसापाशी थांबला, ज्ञानोबा निरोप देऊन चालू लागले. माया करण्यात दोष नाही. वाट सोडण्यात दोष आहे.

आपल्या वारीनेही हेच शिकवले आहे. माउलींच्या सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा, कारण त्यावर माउली बसतात ही आपली भावना. रिंगणात त्यांच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. 2018 च्या वारीत सोहळा पुण्यात असताना हिरा नावाचा अश्व गेला. ज्याच्या पायाची धूळ माथी लावायची तोच गेला. तरी पालखी पंढरीकडे चालत राहिली.

तेव्हा माझ्या नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. काळूला आम्ही नदीत टाकले नाही. मेलेले जनावर कुंडलिकेत सोडायची सवय काही जणांना आहे. खाली गावेच्या गावे तेच पाणी वापरतात. असा निरोप निरोप नव्हे. शेताच्या वरच्या बांधाजवळ, विहिरीपासून दूर, कमरेइतका खोल खड्डा खणला. मीठ घातले, माती लोटली, वर दगड रचले. नातवाने तुळशीची मंजिरी ठेवली. मग तिथेच उभे राहून आम्ही दोघांनी हरिपाठ म्हटला. ते वडीलधारे गृहस्थ बांधावरून चालले होते. ते थांबले. काही बोलले नाहीत, पण शेवटच्या गजराला त्यांनी टाळी धरली.

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला जाताना मी वाट थोडी वाकडी केली. कल्याणवरून माळशेज घाट चढून नातवाला आळ्याला घेऊन गेलो. समाधीपुढे तो बराच वेळ हात जोडून उभा होता. मग स्वतःच म्हणाला, "चला आजोबा, माउलींची वेळ होईल."

तुमच्या गोठ्यातला म्हातारा बैल, दारातला आंधळा झालेला कुत्रा यांना शेवटच्या दिवसांत हाकलून देऊ नका. पाणी पाजा, अंगावर पोते घाला, जवळ बसून नाम घ्या. गेल्यावर नीट माती द्या. डोळ्यांत पाणी आले तर त्याची लाज धरू नका. आणि मग टाळ उचलून दिंडीत या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.