चिंता आणि व्यसन : समुपदेशनाच्या पद्धती
चिंता विसरण्यासाठी माणूस दारू पितो; नशा उतरली की चिंता आणखी वाढते. म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार हवेत, असे आम्ही सांगतो.

पाचव्या शीलाची आठवण देऊन दारू एका दिवसात बंद करायला लावणे मात्र धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. आधी डॉक्टर, मग समुपदेशन.

मुख्य पद्धती अशा :

कार्ल रॉजर्स – दोष न देता पूर्ण ऐकून घेणे.

विल्यम मिलर (१९८३) – उपदेश टाळून, सोडण्याचे कारण त्या व्यक्तीच्याच तोंडून येऊ देणे.

एरन बेक – ‘माझ्याच्याने काही होणार नाही’ असा विचार लिहून काढून तो खरा आहे का, हे तपासणे.

ॲलन मार्लाट – पगाराचा दिवस, हळदीची रात्र अशा धोक्याच्या वेळा ओळखून आधीच तयारी करणे.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायला लोक लाजतात; पहिल्या भेटीला आपण कार्यकर्त्यांनी सोबत जावे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.