बोलीचे द्रव्य आणि अनुकंपेचे दान

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भीषण भूकंप झाला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. नगर रस्त्यावरील वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. एवढ्या मुलांच्या अन्न, वस्त्र व शिक्षणाचा भार वर्षानुवर्षे वाहावयाचा, तर द्रव्य कसे उभारावे, हा प्रश्न समाजापुढे आला. तो जैन समाजास नवा नव्हता.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत बोली अथवा चढावा हा द्रव्यसंचयाचा जुना मार्ग आहे. पर्युषणात भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी चौदा स्वप्ने उतरविण्याचा मान बोलीनेच दिला जातो. पूर्वी ही बोली तुपाच्या मणांत होई आणि मणामागे किती रुपये भरावयाचे, हे संघ आधी ठरवून देई.

मात्र या मार्गास मर्यादा आहेत. प्रभुपूजेच्या बोलीचे द्रव्य देवद्रव्य होते. ते मंदिर व मूर्ती यांखेरीज अन्यत्र वापरता येत नाही. जीवदयेचे द्रव्य मुक्या प्राण्यांसाठी असते. निराधार बालकांसाठी लागते ते अनुकंपेचे दान. ते त्याच नावाने मागावे लागते. म्हणून खाते आधी जाहीर व्हावे, बोली नंतर पुकारली जावी आणि बोललेली रक्कम विनाविलंब भरली जावी, असा दंडक आहे. रक्कम थकविणे हा शास्त्रकारांनी दोष मानला आहे.

बाराव्या शतकात बाहड मंत्र्यांनी शत्रुंजय तीर्थाचा उद्धार आरंभिला, तेव्हाची कथा प्रबंधग्रंथांतून चालत आली आहे. धनिक श्रावक मोठमोठ्या रकमा लिहवीत असता भीमा कुडलिया नावाच्या गरीब तूपविक्याने जवळचे होते नव्हते ते सारे द्रम्म पुढे ठेवले. मंत्र्यांनी त्याचे नाव यादीत सर्वांत वर लिहविले. इतरांनी संपत्तीचा अंश दिला होता. त्याने सर्वस्व दिले होते.

बोलीत सर्वांत मोठ्या आकड्यास मान मिळतो. बाहडांच्या यादीत तो त्यागास मिळाला. वाघोलीसारखे कार्य एका दिवसाच्या समारंभाने पूर्ण होत नाही. मुले मोठी होईपर्यंत दान अखंड यावे लागते, आणि ते येते विश्वासामुळे. तो विश्वास चोख हिशेबावर आणि अल्प देणाऱ्याच्या सन्मानावरच उभा राहतो.