विवेक (माहितीपट)

विवेक : मराठी-कन्नड मुलखातील चार लेखक-कार्यकर्त्यांच्या गोळ्या झाडून झालेल्या हत्यांचा माग घेणारा माहितीपट. दिग्दर्शक आनंद पटवर्धन, निर्मिती २०१८, इंग्रजी शीर्षक ‘रीझन’, लांबी सुमारे चार तास, मांडणी आठ प्रकरणांची. पहिले प्रदर्शन सप्टेंबर २०१८ मध्ये टोरांटो महोत्सवात. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या ‘इडफा’ महोत्सवात पूर्ण लांबीच्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार. नरेंद्र दाभोलकर (पुणे, २० ऑगस्ट २०१३), गोविंद पानसरे (कोल्हापूर, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी हल्ला, चार दिवसांनी मृत्यू), एम. एम. कलबुर्गी (धारवाड, ३० ऑगस्ट २०१५) आणि गौरी लंकेश (बंगळूर, ५ सप्टेंबर २०१७) हे ते चौघे.

बंदुकीच्या हिंसेवरचा माहितीपट म्हटले की मायकेल मूर यांचा ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ (२००२) आठवतो. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार केले, तिथून मूर निघतात. खाते उघडल्यावर रायफल भेट देणारी मिशिगनमधली बँक ते दाखवतात. पण लगेच शेजारच्या कॅनडात जाऊन विचारतात, इथेही घरोघर बंदुका आहेत, मग इतके खून का होत नाहीत? त्यांचे उत्तर भीतीपाशी, टीव्हीवरच्या बातम्यांनी रोज पोसलेल्या भीतीपाशी येऊन थांबते. ‘विवेक’ याच प्रश्नाला उलट्या टोकाने भिडतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, सामान्य माणसाच्या घरात ती नसते. जिथे शस्त्र सहज हाताशी नाही तिथे ते मिळवावे लागते, चालवायला शिकावे लागते, सावज ठरवावे लागते. म्हणजे रागाच्या भरात झालेला हा गुन्हा नव्हे. त्यामागे पैसा, माणसे आणि मुख्य म्हणजे शिकवण लागते. पटवर्धनांचा कॅमेरा पिस्तुलावर फारसा रेंगाळत नाही, शिकवणीवर रेंगाळतो. तीच या माहितीपटाची खरी ताकद आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक स्मृतीतली बंदूक मुख्यतः सरकारी आहे, हे सोलापूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० रोजी इथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे बळी पडले, पुढे मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे, १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पडलेले दहा जण, हीही सरकारी गोळ्यांचीच यादी. रमाबाई नगरावर पटवर्धनांनीच ‘जय भीम कॉम्रेड’ केला. खासगी हातातले पिस्तूल एका माणसावर, तेही त्याच्या विचारासाठी, रोखले जाणे ही निराळी गोष्ट. तिचे मोठे उदाहरण ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येचे, बेरेटा पिस्तुलातून झाडलेल्या तीन गोळ्यांचे. पटवर्धन २०१३ ते २०१७ च्या खुनांना त्या दिवसाशी जोडतात, आणि आक्षेपांना सुरुवात इथूनच होते.

पहिला आक्षेप असा की चार स्वतंत्र गुन्हे दिग्दर्शकाने एका दोरीत ओवले. पण ती दोरी आधी तपासातच दिसू लागली होती. चारही ठिकाणी मोटारसायकलवरून आलेले दोघे, चारही ठिकाणी ७.६५ मिलिमीटरचे गावठी पिस्तूल. दाभोलकर आणि पानसरे सकाळी फिरायला बाहेर पडलेले. पानसऱ्यांसोबत पत्नी उमाताईही होत्या, त्याही जखमी झाल्या. कलबुर्गींच्या तर घराचे दारच वाजवले. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्याचा निष्कर्ष कर्नाटकच्या तपास पथकाने काढला. खाडीत टाकलेल्या शस्त्रांसाठी सीबीआयला पाण्यात पाणबुडे उतरवावे लागले. धागा आहे; तो किती लांब जातो, हा वादाचा मुद्दा राहतो.

दुसरा आक्षेप एकांगीपणाचा. हा माहितीपट धर्मावर घसरतो, असे म्हणणाऱ्यांनी दाभोलकर-पानसऱ्यांवरची प्रकरणे नीट पाहावीत. देवाधर्माला नव्हे, त्या नावाने चालणाऱ्या शोषणाला विरोध, ही दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका आणि ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणाऱ्या पानसऱ्यांचे रयतेचे शिवाजी महाराज, दोन्ही याच मातीतले आहेत. दाभोलकरांनी वर्षानुवर्षे ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सरकारदरबारी खेटे घातले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर आठवडाभरात निघाला. या एका गोष्टीतून प्रेक्षकाला बरेच कळते. मात्र दादरीचा झुंडबळी, उनामधली दलितांना मारहाण, रोहित वेमुलाची आत्महत्या, जेएनयूतला वाद असे सगळे पोटात घेता घेता उत्तरार्ध सैल होतो. तिथे पुराव्याची जागा संताप घेतो, आणि संताप कितीही रास्त असला तरी आधीच न पटलेल्या प्रेक्षकाला तो पुढे नेत नाही.

सोलापूरकराला आणखी एक उणीव जाणवेल. कलबुर्गी सिंदगी तालुक्यातले, म्हणजे जवळजवळ आपल्या वेशीवरचे. कर्नाटक सरकारच्या समग्र वचन साहित्याचे ते प्रमुख संपादक. गड्ड्याच्या यात्रेत ज्यांच्यासाठी नंदीध्वज निघतात ते सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले वचनकार. ज्या परंपरेचा अभ्यास कलबुर्गींनी आयुष्यभर केला, ती इथल्या कन्नड-मराठी घरांत आजही जिवंत आहे. दाभोलकर-पानसऱ्यांना या माहितीपटात जेवढा अवकाश मिळतो, तेवढा या अभ्यासकाला मिळत नाही. त्याचा खून कशासाठी झाला हे कळायला मात्र त्याने काय वाचले, काय संपादले हेच दाखवायला हवे होते.

सरकारची अडवणूकही नोंदवायला हवी. २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या माहितीपट महोत्सवासाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सेन्सॉरमधून सूट नाकारली. केरळ उच्च न्यायालयाने जूनमध्ये प्रदर्शनाला वाट करून दिली.

तिसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप न्यायालयीन आहे. माहितीपट हिंदुत्ववादी सनातन संस्थेकडे बोट दाखवतो. संस्थेने आरोप सातत्याने फेटाळले आहेत. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि इतर तिघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. पडद्यावरचा संशय हा पुरावा नव्हे, हे इथे मान्य करावेच लागते, आणि संस्थेपुरता माहितीपट न्यायालयाच्या पुढे जातो. पण त्याच निकालपत्रात न्यायालयाने म्हटले की हत्येमागचे सूत्रधार दुसरेच आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात पुणे पोलीस व सीबीआय अपयशी ठरले. शिकवण कोणी दिली, हा माहितीपटाचा मूळ प्रश्न निकालानंतरही तसाच उभा राहिला. त्या दिवशी उरलेल्या तीनपैकी एकाही खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.