तळटीप १४ : लसूणघास
१४. लसूणघास : धुळे-जळगावकडे विहिरीच्या पाण्यावर दुभत्या जनावरांसाठी लावतात तो ‘घास’ हाच, मेथीघासही म्हणतात. क्लोव्हरच्या गोतातले हे द्विदल पीक एकदा पेरले की तीनचार वर्षे कापत राहतात. तेवढा काळ नांगर फिरत नाही आणि सूत्रकृमींचे फावते. या सूक्ष्म कृमींमुळे मुळांवर येणाऱ्या गाठी मुळाच्याच फुगलेल्या असतात; नत्राच्या गाठी चिमटीने सुटतात, तशा या सुटत नाहीत. लेखकाचा ‘निवडीचा घास’ म्हणजे कीडग्रस्त मातीत मुद्दाम वाढवून, तगलेल्या झाडांचेच बी पिढ्यानपिढ्या राखून केलेला वाण. अमेरिकेतला खोडसूत्रकृमीरोधक ‘लाहोन्टन’ (१९५४) हाही निवडीतूनच आलेला. त्याचे मूळ मध्य आशियातल्या तुर्कस्तानी घासात. राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ मात्र मुख्यतः भरपूर हिरव्या चाऱ्यासाठी.